नळानंतरचं पाणी

क्लोरीनकाकांच्या घरातला पहिला मासा मेला तेव्हा काकांनी फारसं मनावर घेतलं नाही. नखाएवढा पिवळा मासा होता, प्रकृतीनं मुळातच किरकोळ असणार, असं म्हणून ते चहा पिऊन ऑफिसला गेले. दुसरा मेला तेव्हा त्यांनी दुकानदाराला नावं ठेवली. तिसरा आणि चौथा जोडीनं गेले तेव्हा मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली आणि पाण्याकडे बघत ते बराच वेळ टाकीसमोर उभे राहिले. पाणी नितळ होतं. काकांच्या देखरेखीखालचं पाणी नितळ नसेल तर कुणाचं असेल?

काकांचं खरं नाव दारावर पितळी अक्षरांत लावलेलं आहे, पण ते कुणी वाचत नाही. ते शहराच्या पाणी खात्यात मुख्य तपासनीस. नदीचं गढूळ पाणी शुद्धीकरण केंद्रावर येतं, वाळूच्या मोठाल्या गाळण्यांमधून उतरतं, त्यात क्लोरीन पडतं आणि मग ते घरोघरच्या नळांना जातं. या सगळ्या प्रवासावर काकांची नजर. आयुष्यभर त्यांनी जंतूंशी उभा दावा मांडला होता, आणि तो दावा ऑफिसात ठेवून घरी यायची त्यांना सवय नव्हती. घरी भाजी तीनदा धुतली जाई, दाराच्या मुठी पुसल्या जात, आणि पाहुणा नुसता शिंकला तरी काका खिडकी उघडायला उठत. तेव्हा सोसायटीनं त्यांना परस्पर नवं नाव देऊन टाकलं यात सोसायटीची चूक नाही.

पाण्याबद्दल तक्रार घेऊन कुणी आलंच, की वास येतो, की तळाशी काहीतरी दिसतं, तर काका चष्मा कपाळावर सरकवत आणि ठरलेलं वाक्य बोलत. "नळापर्यंतचं पाणी आमचं. नळानंतरचं तुमचं." म्हणजे तुमची बादली, तुमचं पिंप, तुमचा पेला हे तुम्ही बघा. या वाक्यापुढे माणसं आल्या पावली परत जात आणि काकांना त्या दिवशी जेवण चार घास जास्त जाई.

पण गोष्ट मुळात पोटोबाची आहे. पोटोबा हा काकांच्या लेकीचा मासा. केशरी, डोळे बटबटीत, पोट असं की त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. कॉलेजच्या दिवसांपासून तो तिच्या टेबलावरच्या छोट्या काचेच्या टाकीत राहत होता. टाकीची काच हिरवट, तळाची खडी काळपट, आणि कोपऱ्यातल्या फिल्टरमधला स्पंज असा माखलेला की त्याचा मूळ रंग कुणाला आठवत नव्हता. त्या टाकीवरून बापलेकीचे खटके उडत. काका म्हणत, अशा पाण्यात मी चप्पलसुद्धा धुणार नाही. लेक म्हणे, तुमच्या चपलेला कुठे राहायचंय त्यात.

मग तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. जायच्या दिवशी सामान दारात, रिक्षा खाली, आणि ती टाकीजवळ उभी. म्हणाली, "बाबा, रोज चिमूटभर खाणं टाका. बाकी काही म्हणजे काही करू नका. मी सुट्टीत येईन तेव्हा मला हा असाच दिसला पाहिजे."

काका म्हणाले, बरं. 'बरं' म्हणणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काकूंना लग्नापासून माहीत होतं.

लेक गेली आणि घर मोठं झालं. काकूंना निदान बोलून दाखवता आलं; काकांना तेही जमेना. ते ऑफिसातून आले की तिच्या खोलीत जात, आणि कुणी विचारलं तर माशाला खाणं घालायला आलो म्हणत. चिमूटभर खाणं टाकायला असा किती वेळ लागतो? मग उरलेल्या वेळात ते टाकीकडे बघत बसायला लागले, आणि टाकीकडे बघता बघता त्यांना ती बघवेना. त्यांनी ठरवलं की लेक येईल तेव्हा पोटोबा तिला महालात राहताना दिसला पाहिजे. तिला आधी सांगायचं नाही. ती दार उघडून आत येईल, बघेल, आणि बापाबद्दलचं आपलं मत बदलेल.

महाल आला, म्हणजे काचेची भलीमोठी नवी टाकी. तो जिन्याच्या वळणावर अडकला, परत खाली गेला, दुसऱ्या बाजूनं वर आला आणि पुन्हा तिथेच अडकला. शेवटी जिन्याचा कठडा एका बाजूनं सोडवावा लागला, त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी लागली, आणि सेक्रेटरी परवानगी देताना प्रश्न विचारल्याशिवाय देत नाहीत. टाकी घरात आल्यावर टेबल कुरकुरलं, म्हणून सुतार आला. सुतारानं टेबल भिंतीकडे हलवलं, तिथे प्लग नव्हता, म्हणून वायरमन आला. वायरमननं भिंत फोडली, म्हणून गवंडी आला. एका माशासाठी एवढे कारागीर घरात जेवून गेले की काकूंनी पोळ्यांचं पीठ मळताना पोटोबाकडे रागानं बघायला सुरुवात केली.

बाकी सगळं काकांनी जातीनं केलं. नवी खडी काकूंच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात उकळली. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला लागलं नाही. क्लोरीन माशांना बाधतं हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती, म्हणून पाणी बादल्यांत भरून दिवसभर उघडं ठेवलं, आणि तेवढा वेळ घरातल्यांनी बादलीविना अंघोळी कशा केल्या हे त्यांचं त्यांना ठाऊक. टाकी भरली तेव्हा इतकी स्वच्छ दिसत होती की आत पाणी आहे का हे बोट बुडवून बघावं लागे. पोटोबा नव्या घरात गेला. त्याला एकटं वाटू नये म्हणून रंगीबेरंगी छोट्या माशांचा एक घोळकाही आला. जुनी टाकी काकांनी हातमोजे घालून, तोंड फिरवून, जिन्याखाली कचऱ्याच्या डब्यांजवळ नेऊन ठेवली.

तिथे वरच्या मजल्यावरचे मास्तर भेटले. मास्तर हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण अजून कुणी सांगितलं नसल्यासारखे वागत. टाकीत वीतभर हिरवं पाणी, खडी आणि तो स्पंज तसाच होता. मास्तरांनी विचारलं, टाकून देताय तर मी नेऊ का?

"न्या," काका म्हणाले, "जंतूंसकट न्या."

मास्तरांनी शब्द न शब्द पाळला.

त्यानंतर काकांकडे मृत्युसत्र सुरू झालं. एखादा मासा सकाळी बरा असे, दुपारी कोपऱ्यात जाऊन उभा राही, संध्याकाळी वर येऊन तोंड उघडझाप करी, आणि मग काकू स्वयंपाकघरातून हळू आवाजात म्हणत, "अहो, जाळी घ्या." काकांनी यावर एकच उपाय केला, कारण त्यांना आयुष्यात एकच उपाय माहीत होता. त्यांनी साफसफाई वाढवली. मासा गेला की टाकी धुवायची. खडी उपसून घासायची. फिल्टरचा स्पंज रोज उकळत्या पाण्यात बुडवून, पिळून, उन्हात वाळवायचा. स्पंज बाजारातून आणल्यासारखा पिवळाधमक दिसे, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक मासा जाई.

माशांचा दुकानदार मोठा दिलदार माणूस. मासा मेला हे ऐकून त्याला मनापासून वाईट वाटे, आणि त्या दुःखाच्या भरात तो नवा मासा आणि नवी बाटली देई. एका बाटलीनं पाणी निळं झालं. दुसरीनं पिवळं व्हायला हवं होतं, ते निळ्यावर पडल्यामुळे हिरवं झालं, म्हणून काकांनी सगळं ओतून टाकी पुन्हा धुतली. दुकानदार म्हणाला, तुमच्या भागातलं पाणी जड आहे. काका म्हणाले, नाही. दुकानदार म्हणाला, मग हलकं असेल. नोकरी कुठे करता, असं त्यानं विचारलं तेव्हा काकांनी सरकारी एवढंच सांगून विषय बदलला.

आता, मासे मरणं ही घरातली गोष्ट. ती घरात राहायला हवी होती. पण कठडा सोडवल्यापासून सबंध सोसायटीला त्या टाकीत आपला वाटा असल्यासारखं वाटत होतं. लोक जिन्यात थांबवून विचारपूस करत. कुणी म्हणे मीठ टाका. कुणी म्हणे टाकीला आरसा लावा, त्यांना गर्दी असल्यासारखी वाटेल. विमावाल्या शेजाऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं. काकूंची बहीण फोनवर म्हणाली की ताई, भावोजी त्यांच्याशी काही बोलतात का, बोलत असतील तर तेवढं बंद करून बघ. आणि मास्तरांनी न विचारताच सांगितलं की त्यांनी त्या टाकून दिलेल्या टाकीत मासे आणलेत, ते उत्तम आहेत, कारण ते रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात. प्राणिमात्राला शिस्त लागते, असं मास्तरांचं मत पडलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण एके दिवशी कुणाच्या तरी डोक्यात विचार आला, आणि असे विचार जिन्यानं फार लवकर उतरतात. पाणी खात्याच्या साहेबांच्या घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच पाण्यात मासे पटापट मरतात. मग आपण काय पितोय? दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर पाण्याच्या विकतच्या जारची गाडी उभी राहिली. आठवडा संपायच्या आत सोसायटीतली यच्चयावत माणसं संध्याकाळी खाली रांगेत उभी राहून जार वर न्यायला लागली, आणि काका त्यांच्यामधून मान खाली घालून घरी यायला लागले. ज्या पाण्यासाठी त्यांनी हयात घालवली, ते पाणी त्यांच्याच जिन्यात कुणी तोंडाला लावेना. हा घाव त्यांच्या फार आत लागला.

सेक्रेटरी कर्तव्यदक्ष. त्यांनी रीतसर तक्रार केली. ती तक्रार पाणी खात्यात गेली, या टेबलावरून त्या टेबलावर गेली, प्रत्येकानं तिच्यावर सही करून ती पुढे ढकलली, आणि फिरत फिरत ती काकांच्या टेबलावर येऊन पडली. वर शेरा होता की संबंधित तपासनीसांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करावी. काका वरिष्ठांकडे गेले. म्हणाले, ही जागा म्हणजे माझं घर आहे. वरिष्ठ म्हणाले, मग पत्ता शोधायला त्रास नाही.

तेव्हा काका मदतनीसाला घेऊन खात्याच्या गाडीतून स्वतःच्या घरी पाहणीला गेले. बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, मदतनीसाकडे बघितलं, बाटल्यांच्या पेटीकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही आत्ता घरी आलात की ऑफिसातून आलात?" काका म्हणाले, ऑफिसातून. काकू म्हणाल्या, मग दूध आणायला सांगण्यात अर्थ नाही. काकांनी नियमाप्रमाणे त्यांना विचारलं की पाण्याला वास, रंग, चव यांबद्दल काही तक्रार आहे का. काकू म्हणाल्या, पाण्याबद्दल नाही. मदतनीसानं हे लिहून घेतलं.

नळाचा नमुना तपासला गेला. क्लोरीन योग्य, गढूळपणा नाही, जंतू नाहीत. पाणी पिण्यास योग्य आहे असा अहवाल काकांनी सही करून सेक्रेटरींना दिला, सेक्रेटरींनी तो जिन्यातल्या फळ्यावर लावला, आणि त्याच दिवशी काकांकडचे आणखी दोन मासे गेले. संध्याकाळी काका घरी येताना बघतात तो 'पाणी पिण्यास योग्य आहे' या वाक्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मासे सोडून'. अक्षर वळणदार होतं. काकांना ते शाळेच्या फळ्यावरचं अक्षर वाटलं, पण पुरावा नव्हता.

त्या दिवसांत काकांचं ऑफिसातही बिनसलं होतं. एका नव्या माणसानं उत्साहाच्या भरात वाळूची एक गाळणी वेळेआधीच खरवडून चकचकीत केली. काकांनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. वाळूवर जी बुळबुळीत साय धरते ती घाण नव्हे, पाणी खरं तीच गाळते, ती काढली की नवी धरेपर्यंत ते पाणी गटारात सोडावं लागतं, हे तुला कुणी शिकवलं नाही का, असं ते तावातावानं बोलले. आणि मग घरी येऊन त्यांनी फिल्टरचा स्पंज उकळला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

लेक अधूनमधून व्हिडिओ कॉल करी. नवी टाकी दिसू नये म्हणून काका फोन पोटोबाच्या तोंडाशी नेत, आणि पडदाभर नुसता पोटोबाचा डोळा दिसे. ती एकदा म्हणाली की बाबा, पाणी फार स्वच्छ दिसतंय. काका म्हणाले, फोन चांगला आहे. मग ती म्हणाली, सुट्टी मंजूर झाली, पुढच्या आठवड्यात येतेय. पोटोबाला सांगा.

त्याच दिवशी पोटोबा वर आला. तोवर त्यानं सगळं सोसलं होतं. निळं पाणी, हिरवं पाणी, सोबत्यांचे वियोग, कशानं त्याची भूक हटली नव्हती. आता मात्र तो पाण्याच्या वरच्या कडेला येऊन तोंड उघडझाप करत होता आणि त्याचे कल्ले लाल झाले होते. खाणं टाकलं तर बघितलंसुद्धा नाही. काका टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले. महाल कशाला हवा होता, असं त्यांना वाटलं. पोरीनं एक वस्तू सांभाळायला दिली होती. तीही कसं सांभाळायचं हे सांगून दिली होती. काकू बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

काकूंना मात्र दुसऱ्या दिवशीच्या दह्याची काळजी होती, कारण आभाळ कोसळलं तरी दही लावायचं थांबत नाही. विरजण संपलं होतं. त्यांनी काकांच्या हातात वाटी दिली आणि मास्तरांकडून चमचाभर विरजण आणायला पाठवलं. काका खरं म्हणजे गेले नसते, पण टाकीसमोर बसवतही नव्हतं.

मास्तरीणबाई विरजण आणायला आत गेल्या आणि काका बाहेरच्या खोलीत उभे राहिले. समोर तिपाईवर त्यांच्या लेकीची टाकी होती. काच तशीच हिरवी, खडी तशीच काळी, स्पंज तर आणखी माखलेला. मास्तरांनी तिला बोट लावलं नव्हतं. शिस्तीची बाकी कामं असल्यामुळे त्यांना सवड झाली नव्हती. आणि त्या असल्या पाण्यात दोन मासे एकमेकांच्या मागे गरागरा फिरत होते. कुणी दारुडे म्हणेल इतके आनंदात. बाई आल्या, त्यांनी वाटीत चमचाभर दही घातलं आणि सवयीनं म्हणाल्या की एवढंसं पुरे, चांगलं जुनं आहे, लगेच लागेल.

काकांनी वाटीत बघितलं. मग टाकीत बघितलं. पुन्हा वाटीत बघितलं. त्यांच्या डोळ्यांपुढे केंद्रावरची वाळू आली, वाळूवरची साय आली, आणि ज्याला झाडलं होतं त्या नव्या माणसाचा पडलेला चेहरा आला. ते "आभार" की "असो" असं काहीतरी पुटपुटले आणि वाटी घेऊन जिना उतरले. दही काकूंच्या हातात देऊन ते थेट टाकीशी गेले, एक बाटली बुडवून भरली आणि सुट्टीचा दिवस असूनही केंद्रावर पोचले. तिथे मदतनीस होता. त्यानं लेबल लावायला पेन काढलं आणि नमुना कुठला लिहू, असं विचारलं.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नळानंतरचा लिही," ते म्हणाले.

एवढ्या भानगडीत त्यांनी नळाचं पाणी कितीदा तपासलं होतं याला गणती नव्हती. टाकीतलं एकदाही तपासलं नव्हतं. नळ ओलांडला की पाण्याशी आपला संबंध संपतो हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. अमोनियाची तपासणी केली आणि नळीतल्या पाण्यानं असा गडद रंग धरला की मदतनीसानं विचारलं, साहेब, हे कुठल्या गटाराचं? काका म्हणाले, माझ्या घरचं.

संध्याकाळी ते पुन्हा मास्तरांच्या दारात उभे राहिले. या वेळी वाटी मोठी होती. त्यांनी सांगितलं की मला तुमच्या टाकीतला स्पंज हवा, सगळा नको, अर्धा. मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. हेडमास्तरांच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत आणि आलेला क्षण ते वाया घालवत नाहीत.

"म्हणजे तुम्हाला माझी घाण हवी आहे," मास्तर म्हणाले.

काका म्हणाले, मुळात ती माझ्याच घरची होती.

"होती. जंतूंसकट मला दिलीत." मास्तर उठून टाकीजवळ गेले आणि पाठमोरेच बोलले. "स्पंज देतो साहेब. पण माझे गुडघे बघा. तुमच्या माशांपायी मी रोज जार घेऊन हे मजले चढतो. खाली आत्ता गाडी आली असेल, सगळे जमले असतील. तिथे एकदाचं सांगून टाका. पाणी वाईट आहे की तुम्ही?"

खाली खरंच सगळे जमले होते. सेक्रेटरी गाडीजवळ उभे राहून जारची झाकणं तपासत होते. काका शेवटच्या पायरीवर थांबले. हात वाटीवर, वाटीत अजून काही नाही. त्यांना वाटलं, काही न बोलता वर निघून जावं. दुसऱ्या कुठल्या दुकानात दुसरी बाटली मिळेल. मग त्यांना पोटोबाचे लाल कल्ले आठवले.

"जरा ऐका," ते म्हणाले. "नळाचं पाणी चांगलं आहे. मासे मी मारले."

गाडीवाल्यानंसुद्धा जार खाली ठेवला. सेक्रेटरींनी विचारलं, म्हणजे नेमकं काय केलंत?

"स्वच्छता," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया नावाचं विष होतं. ते विष खाऊन टाकणारे जंतू असतात, ते स्पंजात आणि खडीत घर करून राहतात, आणि ते घर व्हायला दिवस लागतात. मी ते रोज उकळत होतो. पाण्याला विरजण लागतं, आणि मी विरजण उकळत होतो. नळापर्यंत पाणी उत्तम होतं, नळानंतर मी ते बिघडवलं. कुणी हसलं नाही, आणि काकांना ते हसण्यापेक्षा अवघड गेलं. मग विमावाल्या शेजाऱ्यानं गाडीवाल्याला सांगितलं, माझा जार राहू दे. आणि तो परत फिरला.

स्पंज कापताना मास्तरांनी कात्री हातात दिली नाही; स्वतः कापला, दोन तुकडे समान आहेत का हे लांबून बघितलं आणि लहान तुकडा काकांना दिला. काकांनी तो वाटीत झाकून घरी आणला. आणि मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. उघड्या हातांनी, मोज्याविना, तो काळा स्पंज त्यांनी आपल्या चकचकीत टाकीवर धरला आणि पिळला. तपकिरी लोट पाण्यात उतरला आणि पसरत पसरत सगळी टाकी गढूळ झाली. पोटोबा दिसेनासा झाला. काकांनी डोळे मिटून घेतले. काकू म्हणाल्या, "हात धुऊन घ्या." काका म्हणाले, थांब थोडं. उरलेला तुकडा त्यांनी फिल्टरमध्ये बसवला आणि काही म्हणजे काही न करता बसून राहिले. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात कष्टाचं काम होतं. दर दिवशी ते थोडंसं पाणी बदलत, एक बाटली केंद्रावर नेत, आणि तिथल्या नळीतला रंग फिका फिका होत गेला. एका सकाळी ते चिमूटभर खाणं टाकायला गेले तर चिमूट सोडायच्या आत पोटोबानं बोटाला तोंड लावलं. काकांनी काकूंना हाक मारली.

जिन्यातल्या फळ्यावर अजून तो अहवाल होता. 'मासे सोडून' हे शब्द मात्र कुणीतरी खोडरबरानं नीट पुसून टाकले होते.

लेक आली ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून आपल्या खोलीत गेली. काका दारात उभे राहिले. तिनं मोठी टाकी बघितली, भिंतीवरचा नवा गिलावा बघितला, टाकीच्या काचेवर धरलेला हिरवा थर बघितला. आत पोटोबा एकटाच, तिला बघून काचेशी येऊन लाचारासारखा शेपूट हलवत होता.

"बाबा, एवढी मोठी टाकी," ती म्हणाली, "आणि काच बघा केवढी घाण. तुमच्या घरात. थांबा, पुसते."

तिनं फडक्याकडे हात नेला. काका पुढे झाले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"रोज चिमूटभर खाणं टाक," ते म्हणाले. "बाकी काही म्हणजे काही करू नकोस."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

"एका मुलीनं सांगितलं होतं. तेव्हा मी ऐकलं नाही," काका म्हणाले, आणि दोघं टाकीसमोर खुर्च्या ओढून बसली. काकूंनी बाहेरून विचारलं की चहा ठेवू का, तेव्हा दोघं पोटोबाकडेच बघत होती.